न लागलेल्या ठोशांचा हिशेब

मुष्टियुद्धात आक्रमण करणाऱ्याचे कौशल्य प्रेक्षकाला उघड्या डोळ्यांनी दिसते, कारण ठोसा लागला, प्रतिस्पर्धी डगमगला किंवा खाली पडला, तर त्याचा अर्थ सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बचाव करणाऱ्याचे कौशल्य मात्र जे घडले नाही त्यावरून ताडावे लागते, आणि जे घडले नाही त्याची कारणे अनेक असू शकतात. ठोसा चुकला तो बचाव करणारा चपळ होता म्हणून, की मारणारा मंद होता म्हणून? प्रतिस्पर्धी बारा फेऱ्या निष्प्रभ राहिला तो त्याला निष्प्रभ केले गेले म्हणून, की तो मुळातच त्या दर्जाचा नव्हता म्हणून? ही अडचण बचावात्मक बॉक्सर जितका श्रेष्ठ तितकी वाढत जाते, कारण तो समोरच्याला इतका सामान्य भासवतो की पाहणारा अखेरीस समोरच्यालाच सामान्य ठरवतो आणि विजेत्याचे श्रेय कापून घेतो. फ्लॉइड मेवेदर या अमेरिकन बॉक्सरची कारकीर्द हे या कोड्याचे आपल्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९९६ ते २०१७ या काळात त्याने पन्नास व्यावसायिक लढती लढल्या, पन्नासही जिंकल्या, पाच वजनगटांत जगज्जेतेपद मिळवले, आणि तरीही तो नेमका किती कुशल होता यावर जाणकारांचे एकमत नाही.

मूल्यमापनाकडे वळण्यापूर्वी बचाव म्हणजे काय ते नीट पाहायला हवे, कारण डोके वाकवून ठोसा चुकवणे हा त्याचा केवळ डोळ्यांत भरणारा भाग आहे. बचावाची पहिली फळी पायांत असते. प्रतिस्पर्ध्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर, पण स्वतःचा ठोसा पोहोचेल अशा अंतरावर उभे राहणे, आणि समोरचा पाऊल टाकू लागताच ते अंतर बदलणे, हे ज्याला साधते त्याला हातांनी फारसे काही अडवावे लागत नाही. त्यानंतर येते ती उभे राहण्याची ठेवण. मेवेदरने वापरलेली ठेवण जुन्या अमेरिकन व्यायामशाळांतून आलेली असून तिला ‘शोल्डर रोल’ म्हणतात: डावा हात पोटावर आडवा, डावा खांदा हनुवटीपर्यंत उचललेला, उजवा पंजा गालाशी, आणि शरीर इतके तिरके की समोरच्याला छाती व पोट जवळजवळ दिसूच नये. प्रतिस्पर्ध्याचा उजवा ठोसा आला की कमरेतून किंचित वळायचे, तो ठोसा खांद्यावरून घसरू द्यायचा आणि त्याच वळणाच्या उलट्या हिसक्याने आपला उजवा हात सोडायचा. येथे बचाव आणि प्रहार या दोन क्रिया राहत नाहीत, एकाच हालचालीची ती दोन टोके असतात, आणि या ठेवणीचे खरे मोल त्यातच आहे. तिची किंमतही आहे. डावा हात खाली असल्याने लांब हाताचा आणि वेगवान जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, थेट चेहऱ्यावर येऊ शकतो. २००७ मध्ये ऑस्कर डे ला होयाने सुरुवातीच्या फेऱ्यांत नेमके हेच केले आणि लढत चुरशीची झाली. शिवाय डावखुऱ्या बॉक्सरचा जोरकस हात दुसऱ्या बाजूने येत असल्यामुळे त्याच्यासमोर खांद्याची ढाल तितकी उपयोगी पडत नाही.

तिसरा घटक मात्र कौतुकाच्या यादीत क्वचितच येतो, तो म्हणजे क्लिंच: प्रतिस्पर्ध्याचे दंड धरून किंवा त्याला मिठी मारून त्याचे ठोसे बंद करणे आणि रेफ्री येऊन सोडवेपर्यंत श्वास घेणे. मेवेदर यात निष्णात होता, आणि जवळून लढताना कोपरापासूनचा हात समोरच्याच्या गळ्याशी वा जबड्याशी टेकवून त्याला दूर ठेवणेही त्याला जमत असे, जे नियमांच्या काठावरचे होते. याला कौशल्य म्हणावे की चलाखी, हा प्रश्न रुचीचा आहे. परंतु व्लादिमीर क्लिच्कोच्या बाबतीत तोच प्रश्न अधिक गंभीर होतो. सुमारे साडेसहा फूट उंचीचा हा युक्रेनियन हेवीवेट २००६ ते २०१५ एवढा काळ अग्रस्थानी राहिला तो लांब जॅब आणि त्यापाठोपाठ अंगावर भार टाकणारी मिठी या जोडीच्या बळावर, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉस्कोत पोवेत्किन या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तर या रेलण्याबद्दल त्याचा गुणही कापला गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच्याहून उंच टायसन फ्युरी समोर आला तेव्हा तीच पद्धत निरुपयोगी ठरली. वर्चस्वातला किती भाग देहयष्टीचा आणि किती भाग विद्येचा, याचे उत्तर देहयष्टीचा लाभ निघून गेल्यावरच मिळते.

सामान्य प्रेक्षक ज्यावर पहिला विश्वास ठेवतो ते गुणफलक या बाबतीत फारसे उपयोगी नाहीत. व्यावसायिक मुष्टियुद्धात तीन परीक्षक प्रत्येक फेरीनंतर स्वतंत्रपणे गुण देतात. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला साधारणतः नऊ, आणि कोणी खाली पडला तर आठ. फेरी कोणाची हे ठरवताना स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमकता, रिंगवरील हुकमत आणि बचाव हे चार निकष सांगितले जातात. कागदावर बचावाला चौथा हिस्सा आहे असे वाटले, तरी प्रत्यक्षात तो एकट्याने फेरी जिंकून देत नाही. चुकवलेल्या ठोशाला गुण नसतो, त्यानंतर मारलेल्या ठोशाला असतो. विली पेप या महान फेदरवेटने जुलै १९४६ मध्ये मिनिॲपोलिसमध्ये जॅकी ग्रेव्हज याच्याविरुद्ध एकही ठोसा न मारता एक फेरी जिंकली अशी कथा मुष्टियुद्धाच्या इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, परंतु त्या काळच्या वृत्तपत्रांतील वर्णने तिला दुजोरा देत नाहीत. पेपच्या थोरवीला त्या कथेची गरजही नाही. २२९ विजय नावावर असलेल्या आणि १९४७च्या विमान अपघातातून वाचून पुन्हा रिंगमध्ये उतरलेल्या त्या बॉक्सरचा कस १९४९ मध्ये लागला, जेव्हा चारच महिन्यांपूर्वी आपल्याला चौथ्या फेरीत बाद करणाऱ्या सँडी सॅडलरकडून त्याने पंधरा फेऱ्यांत जगज्जेतेपद परत मिळवले.

गुणफलक बचावपटूवर किती अन्याय करू शकतो याचे नमुनेदार उदाहरण पर्नेल व्हिटेकरचे आहे. १० सप्टेंबर १९९३ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये त्याच्यासमोर मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ उभा होता, ज्याने तोवर ८७ लढती जिंकल्या होत्या आणि एकही हरली नव्हती. डावखुऱ्या व्हिटेकरने चावेझचे आवडते शस्त्र, म्हणजे जवळ शिरून बरगड्यांवर मारलेले डावे हुक, जवळजवळ निकामी केले. इतकेच नव्हे, तर लढतीच्या उत्तरार्धात तो स्वतः चावेझच्या पुढ्यात उभा राहून त्याला मागे रेटू लागला. एका परीक्षकाने व्हिटेकरला ११५-११३ असे विजयी ठरवले आणि उरलेल्या दोघांनी ११५-११५ अशी बरोबरी दिली, त्यामुळे लढत अनिर्णित राहिली आणि चावेझची अपराजित नोंद वाचली. पाच वर्षांपूर्वी पॅरिसजवळ होसे लुइस रामिरेझविरुद्ध तर व्हिटेकरला पराभूतच घोषित केले गेले होते, आणि तो निकाल आजही या खेळातील वाईट निकालांत मोजला जातो.

हौशी मुष्टियुद्धात याच्या उलट टोकाचा प्रयोग झाला. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सला अंतिम लढतीत हरवण्यात आले तो निकाल इतका लाजिरवाणा होता की पुढे संगणकीय गुणपद्धती आणली गेली. पाचपैकी तीन परीक्षकांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच ठोसा मोजला जाई. भारतीय प्रेक्षकांना ही पद्धत २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधून आठवत असेल, जेथे विजेंदर सिंग उपांत्य लढतीत क्यूबाच्या एमिलिओ कोरेयाकडून ५-८ असा हरला आणि कांस्यपदकाचा मानकरी ठरला. व्यक्तिनिष्ठता काढून टाकण्यासाठी आलेली ही पद्धतही वादातीत राहिली नाही: १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाच्या सेराफिम तोदोरोवने उपांत्य लढतीत मेवेदरला १०-९ असे हरवले, अमेरिकन संघाचा निषेध फेटाळला गेला, आणि मेवेदर कांस्यपदक घेऊन व्यावसायिक क्षेत्रात गेला.

गुणांवर भिस्त ठेवता येत नसेल तर ठोसेच मोजावेत, या विचारातून १९८५ पासून कॉम्प्युबॉक्स ही मोजणी दूरचित्रवाणीवर आली. तिच्या नावावरून यंत्र मोजते असा समज होतो, पण मोजतात माणसेच. दोन जण रिंगजवळ बसतात, प्रत्येक जण एका बॉक्सरवर नजर ठेवतो आणि प्रत्येक जॅब, प्रत्येक जोरदार ठोसा, तो लागला की चुकला, याची कळ दाबतो. ठोशाचे वजन या मोजणीत येत नाही, आणि खांद्यावरून घसरलेला ठोसा क्षणार्धात लागलेला भासू शकतो. तरीही काळजीपूर्वक वाचली तर ही आकडेवारी बरेच काही सांगते, फक्त नेहमी वाचतात तो रकाना सोडून दुसरा वाचावा लागतो.

२ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये मेवेदरने फिलिपिन्सच्या मॅनी पॅक्याओला हरवले तेव्हा सर्वांनी लागलेल्या ठोशांकडे बोट दाखवले: मेवेदरचे १४८, पॅक्याओचे ८१. खरे लक्षणीय होते ते पॅक्याओने मारलेल्या ठोशांचे एकूण प्रमाण, जे बारा फेऱ्यांत ४२९ एवढेच होते. हाच पॅक्याओ २०१० मध्ये अंतोनियो मार्गारितोविरुद्ध १०६९ ठोसे मारत होता आणि त्यातले ४७४ लागत होते. मधल्या पाच वर्षांत वय वाढले, वेग मंदावला, हे खरे. परंतु एप्रिल २०१४ मध्ये टिमोथी ब्रॅडलीविरुद्धही त्याने पाचशेच्या वर ठोसे मारले होते. म्हणजे मेवेदरने पॅक्याओचे ठोसे चुकवले हे अर्धेच सत्य आहे; अनेक ठोसे त्याने मारूच दिले नाहीत. प्रत्येक चुकलेल्या ठोशानंतर उजवा हात तोंडावर येतो हे दोन-तीन फेऱ्यांत कळले की आक्रमक बॉक्सर चौथ्या फेरीत क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणभरात अंतर बदललेले असते. यष्टीबाहेरचा चेंडू फलंदाजाने सोडला तर धावफलकावर काही उमटत नाही, पण गोलंदाजाला आपली दिशा बदलावी लागते. मुष्टियुद्धातला बचाव असाच प्रतिस्पर्ध्याच्या निर्णयांवर काम करतो. म्हणून बचावपटूला मोजण्याची त्यातल्या त्यात विश्वासार्ह रीत ही, की त्याच्यासमोरचा बॉक्सर इतरांविरुद्ध, त्याच सुमारास आणि त्याच वजनात, काय करत होता ते पाहावे आणि या एका रात्री त्यातले किती हिरावले गेले ते मोजावे. वर सांगितलेल्या कोड्यातून बाहेर पडण्याची वाटही हीच आहे, कारण येथे प्रतिस्पर्ध्याचा दर्जा त्या लढतीवरून ठरवला जात नाही, इतर लढतींवरून ठरतो.

या रीतीने पाहिले की काही विजयांचे मोल काळाबरोबर बदलते. १४ सप्टेंबर २०१३ रोजी मेवेदरने मेक्सिकोच्या सॉल ‘कानेलो’ अल्वारेझला सहज हरवले, त्याच्या ५२६ ठोशांपैकी केवळ ११७ लागू दिले. एका परीक्षकाने तरीही ११४-११४ अशी बरोबरी दिली, जी लढत पाहिलेल्या कोणालाही समजली नाही. त्या वेळी कानेलो तेवीस वर्षांचा होता आणि गटाच्या १५४ पौंडांच्या मर्यादेऐवजी ठरवून घेतलेल्या १५२ पौंडांवर त्याला उतरावे लागले होते, म्हणून अनेकांनी त्या विजयाला सवलतीचा विजय म्हटले. पुढे हाच कानेलो २०२१ मध्ये सुपर मिडलवेट गटाचा निर्विवाद जगज्जेता झाला, आणि त्या रात्रीचे वजन वाढले. हुआन मॅन्युएल मार्केझच्या बाबतीत हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. २००९ मध्ये लाइटवेट गटातून, म्हणजे १३५ पौंडांवरून, वर आलेल्या मार्केझसाठी १४४ पौंडांची मर्यादा ठरली होती. मेवेदर १४६ पौंडांचा भरला, त्याने सहा लाख डॉलर दंड मोजला आणि लहान चणीच्या प्रतिस्पर्ध्याला बाराही फेऱ्या खेळवले. तीन वर्षांनी मार्केझने वेल्टरवेट गटात पॅक्याओला एका ठोशात बेशुद्ध केले, पण तोपर्यंत त्याने त्या वजनाचे शरीर कमावले होते. म्हणून २००९च्या विजयाचे मोल या पुढच्या घटनेने वाढवणे योग्य ठरत नाही.

पॅक्याओशी लढतीची २००९च्या अखेरची बोलणीही रक्ततपासणीच्या अटींवरून फिसकटली आणि ती लढत साडेपाच वर्षांनी झाली, जेव्हा पॅक्याओ छत्तीस वर्षांचा होता आणि मेवेदर अडतीस. प्रतिस्पर्धी कधी निवडावा याचे भान हे मेवेदरचे मोठे सामर्थ्य होते, पण ते रिंगमधले कौशल्य नव्हे. पन्नासावा विजय तर कॉनर मॅकग्रेगर या मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूविरुद्धचा, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक मुष्टियुद्ध लढत होती. पन्नास-शून्य हा आकडा विपणनाचा उत्तम नमुना आहे. मेवेदरच्या विद्येबद्दल तो फारच थोडे सांगतो, आणि त्या आकड्यावरच त्याचे चाहते व टीकाकार दोघेही भांडत राहिले ही खेदाची गोष्ट आहे.

कौशल्याचा खरा पुरावा वाईट रात्रींत सापडतो. २० एप्रिल २००२ रोजी होसे लुइस कास्तियोने मेवेदरला दोरांकडे दाबत नेले, अंगाला अंग भिडवून ठोसे मारले, आणि कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत त्याचे २०३ ठोसे लागले तर मेवेदरचे १५७. तिन्ही परीक्षकांनी विजय मेवेदरला दिला, तरी कास्तियो जिंकला होता असे मानणारे आजही कमी नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेवेदर पुन्हा कास्तियोसमोर उभा राहिला, अधिक चालत, अधिक जॅब वापरत, आणि तुलनेने स्वच्छ जिंकला. मे २०१० मध्ये शेन मोझलीच्या दोन उजव्या ठोशांनी दुसऱ्या फेरीत त्याचे गुडघे लवले. तो मोझलीचा हात धरून सावरला, आणि तिसऱ्या फेरीपासून मागे सरकण्याऐवजी पुढे चालून येऊ लागला, ज्यामुळे मोझलीला हात सोडायला अंतरच उरले नाही. दोन परीक्षकांनी ती लढत ११९-१०९ अशी दिली, म्हणजे त्यांच्या मते उरलेल्या सगळ्या फेऱ्या मेवेदरच्या होत्या. मे २०१४ मध्ये अर्जेंटिनाच्या मार्कोस माइदानाने बेफाम, वेड्यावाकड्या कोनांतून मारलेले २२१ ठोसे त्याला लागले, जे तोवर मोजल्या गेलेल्या त्याच्या कोणत्याही लढतीपेक्षा अधिक होते. सप्टेंबरातल्या फेरलढतीत तोच आकडा १२८ वर आला. आडाखा फसल्यावर तो तासाभरात, किंवा चार महिन्यांत, बदलता येणे ही शिकून घेतलेली विद्या आहे. ती चपळाईबरोबर निघून जात नाही, आणि तीन वेगवेगळ्या शैलींच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ती दिसल्यामुळे योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही.

बचावात्मक बॉक्सर कंटाळवाणा असतो हा आक्षेप येथे अप्रस्तुत आहे. एप्रिल २०१३ मध्ये क्यूबाच्या गियेर्मो रिगोंदोने नोनितो डोनेरला निष्प्रभ केले आणि बक्षीस म्हणून दूरचित्रवाहिन्यांची अनास्था पदरात पाडून घेतली. तो दोष बाजाराचा होता. मेवेदरबद्दल मात्र हे विसरले जाते की जानेवारी २००१ मध्ये अपराजित डिएगो कोरालेसला पाच वेळा खाली पाडणारा बॉक्सर तोच होता, आणि वाढत्या वजनगटांत, नाजूक हातांनिशी लढताना त्याने प्रहाराचा वाटा कमी करत बचावाचा वाढवला. हॅटन या प्रतिस्पर्ध्याला २००७ मध्ये बाद केल्यानंतर त्याच्या अकरा लढतींपैकी फक्त दोनच वेळेआधी संपल्या.

सारे पुरावे एकत्र ठेवले तर निवाडा असा करावा लागतो की केवळ ठोसे न लागू देण्याच्या कलेत पर्नेल व्हिटेकर मेवेदरच्या पुढे आहे, कारण तो प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्यात उभा राहून, क्लिंचचा आधार कमी घेत आणि ऐन भरातल्या चावेझसारख्या आक्रमकासमोर ती दाखवू शकला. चालू लढतीत प्रतिस्पर्धी वाचून स्वतःला बदलण्यात मात्र मेवेदरच्या तोडीचा बॉक्सर गेल्या अर्धशतकात क्वचितच झाला. व्हिटेकरच्या नावावर चार पराभव आणि एक बरोबरी आहे, मेवेदरच्या नावावर एकही नाही, आणि त्या दोघांतले अंतर या आकड्यांवरून मोजणे चूक आहे.